पर्सीच्या हातचं

मला भेटायला येणारे पत्रकार दोनच प्रश्न घेऊन येतात. अमुक एक गायक खरोखर तसा होता का, आणि मला वाईट नाही का वाटत. पहिल्याचं उत्तर मी आवडीने देतो. होय, तसाच होता. तुमच्या कानावर आलंय ते धुऊनपुसून आलंय. दुसऱ्या प्रश्नाला मी बिस्किटांची बशी पुढे करतो.

मी सिरिल हॅडो. साठ-बासष्ट सालापासून पुढे तीसएक वर्षं लंडनच्या स्टुडिओंमध्ये भाड्याने पियानो आणि ऑर्गन वाजवला. सकाळी दहा ते एक, दुपारी दोन ते पाच. बोलावलं की जायचं, समोर ठेवतील ते वाजवायचं, कोट चढवायचा आणि बस पकडायची. तुमच्या घरात त्या काळातल्या दहा रेकॉर्डी असतील तर त्यांतल्या तिनांवर माझे हात आहेत. नाव एकीवरही नाही. ती आमच्या धंद्याची रीतच होती. बँड म्हणजे चार जिवाभावाचे मित्र, एका गल्लीत वाढलेले, एकमेकांसाठी जीव टाकणारे, अशी लोकांची समजूत असते. त्या फोटोत टक्कल पडलेला, बायकोने विणलेला स्वेटर घातलेला पाचवा माणूस कुठे उभा करणार?

नामांकित मंडळींबद्दल विचाराल तर पुष्कळ आहे. एकाने मला तीन दिवस भिंतीकडे तोंड करून बसवलं, कारण माझ्या तोंडाकडे पाहिलं की त्याला शाळेतले गणिताचे मास्तर आठवायचे आणि सूर लागायचा नाही. ऑर्गनच्या पायपट्ट्या मी नुसत्या मोज्यांनी वाजवतो, बूट बाजूला काढून ठेवतो. एक ड्रमर दर वेळी त्या बुटांत बिअर ओतायचा आणि मी ते घालून चालायला लागलो की पोट धरून हसायचा. त्याच्या रेकॉर्डी आजही खपतात. एक गिटारवाला वाजवता वाजवता रडायचा आणि ज्याने रडताना पाहिलं त्याला हाकलायचा. मला त्याने दोनदा हाकललं. या सगळ्यांना मी केव्हाच माफ करून टाकलंय, कारण त्यांना माझं नावसुद्धा ठाऊक नव्हतं.

‘टॅलो स्ट्रीट’वाल्यांना ठाऊक होतं.

हा बँड उत्तरेतल्या बर्नली गावचा. चौघं तिथल्याच गिरणीकामगारांची मुलं. टॅलो स्ट्रीट ही त्या गावातली गल्ली, आणि त्या गल्लीत पर्सी ऑर्मरॉडच्या आईच्या पुढच्या खोलीत यांची सुरुवात झाली. पर्सी ऑर्गन वाजवायचा. अंगाने जाडसर, बोलायला सावकाश, आणि चौघांत एकटाच असा की जो दाराशी आलेल्या माणसाला आधी आत जाऊ द्यायचा. गायक क्लाइव्ह रेनिक, दिसायला राजबिंडा, ते त्यालाही चांगलंच माहीत. गिटारवर टेरी मॅडॉक्स, क्लाइव्ह हसला की हसणारा. उरलेल्या दोघांचं, म्हणजे बेस आणि ड्रमचं, या गोष्टीत काही काम नाही. त्या बँडमध्येही फारसं नव्हतं.

त्र्याहत्तर सालच्या वसंतात मला गॉर्डन पिमचा फोन आला. गॉर्डन त्यांची रेकॉर्ड करून देणारा, मितभाषी माणूस. विल्सडेनला एका जुन्या दूधडेअरीत स्टुडिओ होता. सकाळी दहाला पोचलो तर बँडचा पत्ता नाही. ही मंडळी दुपारी दोनच्या आत उगवायची नाहीत. गॉर्डनने मला खुर्चीत बसवलं आणि पर्सीने आदल्या दिवशी वाजवलेलं ऐकवलं. मी दोन मिनिटं ऐकलं. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं कामातून चालली होती. वरचा सूर कधी पडायचा, कधी नुसताच टेकायचा, कधी गायब.

“पिऊन वाजवलंय?” मी विचारलं.

“पर्सी पीत नाही,” गॉर्डन म्हणाला. “हे तू वाजवायचंस. पर्सीसारखं नको. पर्सीचंच पाहिजे.”

नक्कल ही माझी कमाई. शाळेत मी मास्तरांच्या चालीची करायचो, पुढे हातांची करायला लागलो. पर्सीचा उजवा हात तालाच्या किंचित मागे चालायचा. लांबलेला सूर सोडताना तो पायाने आवाज थोडा वाढवायचा, निघालेल्या पाहुण्याला दारात थांबवून आणखी दोन शब्द बोलावेत तसा. हे सगळं बोटांत यायला मला दोन सकाळी लागल्या. तिसऱ्या दिवशी क्लाइव्हने ऐकलं आणि त्याला फरक ओळखता आला नाही.

पर्सीला हे सांगणार कोण, असं मी विचारलं. क्लाइव्ह म्हणाला की मी तर नाही बाबा, त्याच्या आईच्या हातचं खाऊन मोठा झालोय. टेरी म्हणाला मीही तिथेच जेवलोय. गॉर्डन म्हणाला की हे त्याचं काम नव्हे. तेव्हा कुणीच सांगितलं नाही. पर्सी दुपारी येऊन वाजवायचा, गॉर्डन ते रीतसर टेपवर घ्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेच टेपच्या शेजारच्या पट्टीवर, म्हणजे ट्रॅकवर, वाजवायचो. ऐकायची वेळ आली की पर्सीची पट्टी बंद, माझी चालू.

पहिले काही दिवस त्यात लाज होती. मग गंमत वाटायला लागली. दुपारी सगळे काचेमागे जमायचे, टेप सुरू व्हायची आणि टेरी अगदी साळसूदपणे विचारायचा, “पर्स, हे केव्हा रे वाजवलंस?” पर्सी मान तिरकी करून ऐकायचा. “मंगळवारी असेल. बरं झालंय ना?” त्यावर दोघं बाहेर बोळात जायचे आणि बाही तोंडात कोंबून हसायचे. नंतर नंतर क्लाइव्ह सकाळी लवकर यायला लागला, केवळ मला सूचना द्यायला. इथे एक अवघड तान टाक. इथे दुप्पट वेगाने जा. पर्सी कुठवर गिळतो ते बघू या. पर्सीने सगळं गिळलं. धड असलेल्या हातानेही जे त्याला जमलं नसतं ते त्याने आपलं म्हणून ऐकलं आणि घरी जाऊन त्याचा सराव करायला लागला. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा हसलो. बोळात नाही हसलो, घरी बायकोला सांगताना हसलो. तिला हसू आलं नाही.

एक दिवस पर्सी सकाळी साडेदहालाच आला. मी त्याच्या ऑर्गनवर, त्याच्या बाकावर, मोजे घालून बसलेलो आणि त्याचंच गाणं वाजवत होतो. क्लाइव्हने डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं, “हा सिरिल. ऑर्गन दुरुस्त करतो. तुझ्या वरच्या पट्ट्या अडकतात म्हणत होतास ना, म्हणून बोलावलाय.”

पर्सीचा चेहरा एकदम उजळला. “म्हणजे पट्ट्याच अडकतात होय,” तो म्हणाला. “मला वाटलं माझाच हात अडकतोय.” आणि त्याने माझ्यासाठी स्वतः चहा करून आणला.

तेव्हापासून मी त्याचा मिस्त्री झालो. खिशात एक पेचकस ठेवायला लागलो. तो दिसला की ऑर्गनची मागची फळी काढून आत डोकं घालायचो. पर्सी शेजारी उकिडवा बसून गप्पा मारायचा: आईचं, बर्नलीचं, गावातल्या पितळी वाद्यांच्या बँडचं, ज्यात त्याचे वडील भोंगा वाजवायचे. त्याला मी आवडायचो. कान तयार आहे तुझा मिस्त्री, म्हणायचा, नुसत्या दुरुस्तीत कुठे आयुष्य घालवतोस.

जुलैमध्ये रेकॉर्डचं काम संपत आलं. सप्टेंबरात अमेरिकेचा दौरा ठरला होता. क्लाइव्हने मला एका दुपारी दारापर्यंत सोडताना खांद्यावर हात टाकला. म्हणाला, पर्सीने हा दौरा कसाबसा निभावू दे, पोस्टरं छापून झालीत. परत आलो की त्याला निरोप. मग त्याच्या जागी तू. कव्हरवर नाव, फोटोत उभा, सगळं. मी त्रेचाळीस वर्षांचा होतो. घरी जाताना बसचा एक थांबा पुढे गेलो तरी मला कळलं नाही.

त्याच आठवड्यात पर्सी मला समोरच्या कॅफेत जेवायला घेऊन गेला. अंडी आणि बटाट्याच्या तळलेल्या फोडी मागवल्या. काटा त्याने उजव्या हातात धरला, मग डाव्यात घेतला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने सांगितलं की तो कुणाला न सांगता डॉक्टरकडे जाऊन आलाय. कोपरापाशी नस दाबली गेलीय. कापून मोकळी करता येते, पण मग सहा महिने वाजवणं बंद.

“डॉक्टर म्हणतात, वाजवण्यात फरक पडला असेल तर लगेच करायला हवं,” पर्सी म्हणाला. “उशीर झाला तर बोटं परत येत नाहीत म्हणे. फरक नसेल तर थांबायला हरकत नाही. आता फरक पडलाय की नाही ते मी कसं ओळखू? हात म्हणतो काहीतरी बिघडलंय. टेप ऐकतो तर इतकं चांगलं मी कधी वाजवलं नव्हतं. सोमवारची तारीख दिलीय त्यांनी.”

मी खात राहिलो.

“क्लाइव्हला विचारण्यात अर्थ नाही, तो मला बरं वाटेल तेच बोलणार,” तो पुढे म्हणाला. “तू बाहेरचा माणूस. रोज तो ऑर्गन ऐकतोस. खरं सांग मिस्त्री. मी कुणाचं ऐकू?”

बँडमधली माणसं अशीच फसतात. सुतार आपल्या हाताकडे बघून सांगेल की हात थकला. हे लोक काचेमागे बसतात, समोरच्या पेटीतून येईल ते ऐकतात आणि म्हणतात, हा मी.

मला विचार करायला भरपूर वेळ होता, नव्हता असं उगाच म्हणणार नाही मी. सहा महिने, एवढाच हिशेब डोक्यात आला. सोमवारी तो ऑपरेशनच्या टेबलावर झोपला तर फेब्रुवारीत धडधाकट हात घेऊन परत येणार, आणि मग त्याच्या जागी तोच. मी अंड्याच्या पिवळ्या बलकात एक फोड बुडवली.

“टेपचं ऐक,” मी म्हणालो. “हाताला भास होतात. टेपला होत नाहीत.”

त्याने श्वास सोडला. मग माझ्या दंडावर थोपटलं आणि उठून काउंटरवरच्या फोनवरून डॉक्टरांकडची तारीख दौऱ्यानंतरवर ढकलली. परत येऊन बसला आणि माझ्यासाठी गोडाची थाळी मागवली. मी तीही खाल्ली.

दौऱ्यात रचना अशी होती. स्टेजवर पर्सीचा ऑर्गन, त्याच्यामागे स्पीकरांची भिंत, भिंतीच्या मागे दुसरा ऑर्गन आणि मी. पर्सीच्या ऑर्गनमधून निघालेली तार कुठेच जात नव्हती. लोकांना ऐकू जायचा तो मी, आणि त्याच्या पायाशी ठेवलेल्या स्पीकरमधूनही मीच. त्या गदारोळात आपली पट्टी आणि आपला सूर यांची गाठ कोण बघत बसतो? पर्सीला सांगितलेलं की मिस्त्री बरोबर येतोय, प्रवासात ऑर्गन बिघडतात. तो खूश. विमानात त्याने मला खिडकीची जागा दिली.

पाच गावं अशीच गेली. सहाव्या गावी भर दुपारी बेसबॉलच्या मैदानावर कार्यक्रम होता. ऊन मी म्हणत होतं, तीस-चाळीस हजार माणसं उघडी-वाघडी नाचत होती. दोन स्पीकरांच्या फटीतून मला पर्सीची पाठ आणि उजवा हात दिसायचा. तिसऱ्या गाण्यात तो हात थबकला. शेवटची दोन बोटं तळव्यात मुडपली आणि सरळ होईनात. त्याने डाव्या हाताने ती ओढली. म्हणजे पट्टीवर आता एकही हात नव्हता, आणि ऑर्गन वाजत होता. मी थांबायला हवं होतं. पण त्या जागी ती दुपटीची तान होती, क्लाइव्हने मागितलेली, आणि समोर चाळीस हजार माणसं होती. मी ती पूर्ण वाजवली. लोक वेडे झाले. क्लाइव्हने पर्सीकडे हात करून त्याला टाळ्या मिळवून दिल्या.

पर्सी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला. गाणं संपेपर्यंत तसाच. पुढची चार गाणीही तसाच. लोकांच्या ते लक्षात आलं नाही, आलं तरी त्यांना ती अदा वाटली असेल.

कार्यक्रम संपल्यावर तो भिंतीला वळसा घालून आला. मी नुसत्या मोज्यांत बसलेलो, बूट शेजारी. बराच वेळ त्याने त्या दुसऱ्या ऑर्गनकडे पाहिलं.

“केव्हापासून, मिस्त्री?”

“इथे आल्यापासून,” मी म्हणालो.

ते खरंच होतं, अमेरिकेपुरतं. त्याला मागचं जोडता आलं असतं. टेप, पेचकस, सकाळी साडेदहाला त्याच्या बाकावर बसलेला मी. त्याने जोडलं नाही. स्वतःच्याच मुळावर येणारी गोष्ट शोधायला माणूस एवढी मेहनत घेत नाही. तो म्हणाला, “तू सांभाळून घेतलंस. नाहीतर पहिल्याच गावात माझी शोभा झाली असती.” त्याने माझे आभार मानले, आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानाने घरी गेला. डॉक्टरांनी कोपर उघडलं, बघितलं आणि शिवून टाकलं. जुलैत आला असतात तर, असं काहीतरी ते म्हणाले म्हणे.

पर्सीची जागा मोकळी झाली तशी मी क्लाइव्हला आठवण दिली. शिकागोच्या हॉटेलात तो दाढी करत होता. त्याने मला बाजूला ओढून आरशासमोर उभं केलं, साबणाचे हात माझ्या खांद्यावर ठेवून. “बघ सिरिल,” तो म्हणाला, “तूच सांग. लोकांना मिस्त्री बघायचा असतो का?” टेरी पलंगावर लोळत होता, तो अर्थातच हसला. आठवडाभरात त्यांनी कॅलिफोर्नियाचा एक चोवीस वर्षांचा डेल नावाचा इसम आणला. केस कमरेपर्यंत, दात पांढरेशुभ्र. त्याला तीन सूर यायचे. बाकीचे मी भिंतीमागून वाजवत होतो, पुढची दोन वर्षं.

यानंतर अठरा वर्षं गेली. बँड केव्हाच मोडला. क्लाइव्ह स्पेनमध्ये एका टेकडीवर राहतो म्हणे. गॉर्डन वारला. मग एक दिवस रेकॉर्ड कंपनीतल्या एका बाईंचं सौजन्यपूर्ण पत्र आलं. ‘टॅलो स्ट्रीट’चं सगळं जुनं पुन्हा निघणार होतं, सोबत पुस्तिका, आणि तिच्यात कोणत्या गाण्यात कुणी काय वाजवलं ते खरंखुरं छापायचं होतं. ऑर्गनबद्दल घोळ आहे, श्री. रेनिक यांना काही आठवत नाही, तेव्हा आपण सोबतचा तक्ता भरून पाठवाल का. म्हणजे माझा शब्द शेवटचा.

पर्सीने हे छापलेलं वाचण्याआधी त्याच्या कानावर घालायला हवं, माणुसकी म्हणून, असं मी बायकोला सांगितलं आणि बर्नलीची गाडी पकडली. खरं कारण वेगळं होतं. एवढी वर्षं मी जे वाजवलं ते माझं म्हणून कुणी ऐकलं नव्हतं. ज्याला त्यातलं कळतं अशा एका तरी माणसाने ते माझ्यासमोर बसून, माझं म्हणून ऐकावं असं मला वाटत होतं. असा माणूस पर्सीच.

तो अजून टॅलो स्ट्रीटवरच राहत होता, आईच्या पश्चात एकटा. कोपऱ्यावरच्या खाटकाला घर विचारलं तर तो काउंटर सोडून बाहेर आला. आमचा पर्सी, म्हणाला, आम्ही दुकानात लावतो त्याची रेकॉर्ड. लंडनच्या एकाला तरी असं वाजवता येतं का. पर्सीने दार उघडलं आणि मला पाहून इतका हरखला की मला दोन पायऱ्या खाली उतरावंसं वाटलं. तो जिल्ह्यातल्या पितळी बँडांच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून जायचा. गावातल्या मुलांना ऐकायला शिकवायचा. वाजवायला नाही, ऐकायला. उजव्या हाताची ती दोन बोटं तळव्यात कायमची मिटून गेलेली. चहा डाव्या हाताने ओतला, एक थेंब न सांडता. भिंतीवर ती रेकॉर्ड चौकटीत लावलेली होती. मुलं विचारतात, म्हणाला, तुम्ही आम्हाला काय शिकवणार, तुमचा हात तर असा; मग मी त्यांना ही लावून दाखवतो, की ऐका, हात होता तेव्हा काय होता.

चहा संपल्यावर मी सांगितलं. सरळ सांगितलं, मुलामा न देता. ती रेकॉर्ड माझी आहे पर्सी. विल्सडेनलाही मीच होतो. मी कधीच मिस्त्री नव्हतो.

मी शिव्यांची तयारी ठेवली होती. त्याने मारलं असतं तरी मी खाऊन घेतलं असतं, आणि उतराई झालो असं समजून गाडीत शांत झोपलो असतो. पर्सी उठला, दुसरी एक प्रत काढली आणि लावली. पहिलं गाणं सुरू झालं.

“हे?”

“मी.”

अर्ध्यावरून सुई उचलून पुढच्यावर ठेवली. “हे?”

“तेही.”

असं एकेक गाणं. प्रत्येकाला तो विचारायचा आणि मी सांगायचो. दुपटीची तान आली तेव्हा म्हणाला, हिच्यापायी मी महिनाभर रात्रंदिवस सराव केला होता. नंतर म्हणाला, “म्हणजे त्या कॅफेत मी विचारलं तेव्हा...”

“हो.”

त्याने मान हलवली. “मी समजत होतो, तुला खरंच तसं ऐकू आलं असेल.” बस्स. आवाजसुद्धा चढला नाही. आणि त्यामुळे माझं डोकं फिरलं. मी एवढ्या लांब येऊन माझं सगळं त्याच्यापुढे मांडलं होतं, आणि अजून तोच माझ्यापेक्षा चांगला माणूस होता.

शेवटचं गाणं राहिलं होतं, ‘कोल्ड किचन’. तुम्ही ऐकलं असेल. शेवटाला गायक थांबतो आणि अर्धा मिनिट एकटा ऑर्गन वाजतो. ते दोन प्रश्न संपले की सगळे पत्रकार त्याच अर्ध्या मिनिटावर येतात. ते पर्सीचं आहे. वरचा सूर यायच्या जागी करंगळी दगा देते, एक क्षण काहीच येत नाही, ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो आणि मग तो सूर येतो. मी ते करायला एक अख्खी सकाळ घातली. तो क्षण मी मोजून सोडायचो आणि मोजलेला ऐकू यायचा. गॉर्डनने दोन्ही पट्ट्या एकामागोमाग ऐकल्या, माझी पुसून टाकली आणि मला घरी जायला सांगितलं. त्या सबंध रेकॉर्डवर पर्सीचं म्हणून तेवढंच आहे, आणि सबंध रेकॉर्डवर लोकांना आठवतं तेही तेवढंच.

पर्सीने सुई ठेवली. ऑर्गन एकटा वाजला. पर्सीची धड असलेली तीन बोटं गुडघ्यावर हलत होती. तो क्षण आला आणि गेला.

“आणि हे?” त्याने विचारलं. माझ्याकडे बघत नव्हता.

तक्ता माझ्या आतल्या खिशात होता. त्यातला तो शेवटचा रकाना मी कोरा ठेवला होता.

“तेही मीच,” मी म्हणालो.

त्याने सुई उचलली, मागे नेली आणि तेवढा तुकडा पुन्हा लावला. या वेळी डोळे मिटून ऐकला, शेवटपर्यंत. मग रेकॉर्ड काढली, पाकिटात घातली.

“आयुष्यात एवढं एक बरं केलं असं मला वाटायचं,” तो म्हणाला. मग त्याने डावा हात माझ्यापुढे केला. “फार सुंदर वाजवलंस, सिरिल.”

मी त्याचा हात हातात घेतला आणि त्याचे आभार मानले.